दोन रात्री गॉलवेत: दहा जणांची सहल जुळवायची कशी

डब्लिनमध्ये मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर मार्चमध्ये दिवस जरा मोठा झाला की कुणीतरी लिहितंच, "चला, गॉलवेला जाऊ या दोन रात्री." दहा मिनिटांत चौदा अंगठे वर होतात. मग कुणी क्लिफ्सचा फोटो टाकतं, कुणी आरान बेटांचा हट्ट धरतं, कुणाला कॉनेमारा हवं असतं. तीन आठवड्यांनी तोच ग्रुप साबुदाणा कुठल्या दुकानात चांगला मिळतो यावर बोलत असतो. सहल तिथेच राहते.

अशा सात-आठ सहली मी जुळवल्या आहेत आणि त्यातल्या दोन चांगल्याच फसल्या आहेत. गॉलवे हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव तसं सोपं. वस्ती जेमतेम ८५ हजारांची, मधला भाग पायी फिरता येतो, माणसं बोलकी. अवघड असतो तो आपला ग्रुप. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रविवारी परतायचं, म्हणजे हातात अख्खा असा एकच दिवस उरतो, शनिवार. सगळी भांडणं त्या शनिवारावरून होतात, आणि ती पैसे भरून झाल्यावर होतात. म्हणून मी आता सुरुवात उलटी करते. घर नाही, गाडी नाही, आधी शनिवार.

पायरी १: शनिवार कशाचा?

गॉलवेहून एका दिवसात करण्याजोगी तीन मोठी ठिकाणं आहेत. एका शनिवारात त्यातलं एकच होतं. दोन जमवू म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो, त्याचं प्रेमाने ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पहिलं, क्लिफ्स ऑफ मोहर. गॉलवेहून साधारण ७५ किलोमीटर, गाडीने दीड तास. ठिकाण शेजारच्या क्लेअर काउंटीत आहे. अटलांटिकच्या काठाने पसरलेले हे कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर भरतात. वर १८३५ साली बांधलेला ओब्रायन्स टॉवर आहे. कोच टूर सकाळी दहाच्या सुमारास गॉलवेतून निघतात आणि सहाच्या आत परत आणून सोडतात. वाटेत किनव्हाराजवळचा डनग्वायर किल्ला लागतो आणि मग बरेन सुरू होतं: मैलोन्‌मैल राखाडी चुनखडीचा दगड, त्याच्या भेगांमध्ये उगवलेली इवलीशी फुलं. मे महिन्यात गेलात तर जेन्शियनची गडद निळी फुलं बघायला खाली वाका. बसमधल्या निम्म्या लोकांना ती दिसतच नाहीत. मोहरला एकच धोका, धुकं. धुकं असलं की कडा नाही, समुद्र नाही, फक्त आवाज ऐकून परत यायचं. माळशेज घाटात पावसाळ्यात गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

दुसरं, आरान बेटं. तीन बेटं आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. दिवसभरासाठी बहुतेक लोक मोठ्या इनिश मोरला जातात. शहरातून शटल बस, तिथून रॉसाव्हील बंदर, मग साधारण चाळीस मिनिटांची फेरी. उन्हाळ्याच्या मोसमात थेट गॉलवेच्या गोदीतूनही बोट सुटते. धक्क्यावर उतरताच सायकली भाड्याने मिळतात. बेटावर लोक आपापसात आयरिश बोलतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दगडावर दगड रचलेल्या बिनचुन्याच्या भिंती दिसतात. शेवटी डून एंगस हा प्राचीन दगडी कोट: अर्धवर्तुळाकार, आणि उरलेली बाजू सरळ शंभर मीटर खाली समुद्रात. कठडा नाही. लहान मुलं असतील तर त्यांचा हात सोडू नका. मोठी माणसंही पोटावर झोपूनच खाली डोकावतात. इथला धोका वाऱ्याचा आहे. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि खवळलेल्या समुद्रात ती रद्द झाली नाही तर त्याहून वाईट. बस लागणारी माणसं ग्रुपात किती आहेत ते आधी विचारा.

तिसरं, कॉनेमारा. दलदलीची पिंगट माळरानं, तळी, ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर आणि शेवटी पाण्याकाठी कायलमोर अ‍ॅबी. मिचेल हेन्री नावाच्या धनिकाने १८६७ ते १८७१ या काळात हा वाडा बांधला. पुढे पहिल्या महायुद्धात बेल्जियममधला मठ उद्ध्वस्त झालेल्या बेनेडिक्टाइन पंथाच्या नन १९२० मध्ये इथे राहायला आल्या. कॉनेमाराचं मोठं सुख हे की ते पावसातही चांगलं दिसतं, किंबहुना पावसातच जास्त.

माझं मत विचाराल तर: आईवडील भारतातून आले असतील किंवा पहिल्यांदाच जात असाल, तर मोहर, तेही कोचने. सगळे तिशीतले आणि पायात दम असलेले, तर आरान. मोहर बघून झालेल्यांनी कॉनेमारा. ग्रुपवर पोल टाकताना तीन पर्याय टाकू नका, मतं फुटतात. दोनच टाका, चोवीस तास द्या आणि विषय बंद करा.

तिकिटं काढताना रद्द करायची मुदत नीट वाचा. आयर्लंडच्या हवामान खात्याचं, मेट एअरनचं, अ‍ॅप फोनवर ठेवा. गुरुवारी संध्याकाळी त्यात किनाऱ्यासाठी यलो किंवा ऑरेंज इशारा दिसला तर बेटाचा बेत सोडून कॉनेमाराच्या बसमध्ये बसा. हा दुसरा बेत आधीच सर्वांना सांगून ठेवलेला असला की त्या दिवशी कुणाचं तोंड उतरत नाही.

पायरी २: माणसं मोजा, अंगठे नव्हे

"बघू" म्हणजे नाही. "नवऱ्याला विचारून सांगते" म्हणजे बहुधा हो. "येतो रे, मला धरूनच चाला" हे सगळ्यात धोकादायक, कारण हाच माणूस बुधवारी रात्री टांग मारतो. यावर उपाय एकच, पैसे. शनिवार ठरला की त्याच दिवशी प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम मागा. आयर्लंडमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे रिव्होल्यूट हे पैसे पाठवायचं अ‍ॅप असतं, त्यामुळे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याचे पैसे आले तो येतोय, बाकीचे शुभेच्छुक.

हे कठोर वाटत असेल तर गणित करून बघा. समजा दोन रात्रींचं घर ९०० युरोंना मिळालं. दहा जणांत माणशी ९०. दोघं गळाले की उरलेल्या आठांवर माणशी ११२ युरो ५० सेंट. साडेबावीस युरोंवरून मैत्री तुटत नाही, पण गॉलवेला जाईपर्यंतच्या प्रत्येक चहात तो विषय निघतो. म्हणून पैसे घेतानाच सांगून टाका: ऐनवेळी गळालात तर घराचा वाटा परत मिळणार नाही, बदली माणूस आणलात तर मिळेल.

आकडा किती असावा? आठ सगळ्यात सोयीचा. दोन टॅक्सी, दोन मोटारी किंवा एक नऊ सीटची व्हॅन, चार खोल्या, एक लांब टेबल. साध्या बी वर्गाच्या लायसन्सवर चालकाखेरीज आठच माणसं नेता येतात, त्यामुळे दहावा माणूस आला की अख्खी दुसरी गाडी लागते. बाराच्या वर गेलात तर ती सहल राहत नाही, लग्नाचं वऱ्हाड होतं.

पाहुणे बाहेरून येणार असतील तर व्हिसाचं याच टप्प्यावर बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. जर्मनीत राहणारा तुमचा मित्र भारतीय पासपोर्टवर तिथल्या परमिटच्या जोरावर इथे येऊ शकत नाही. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. "अरे, बाजूलाच तर आहे" हे विमानतळावर कुणी ऐकून घेत नाही. भारतातून ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांसाठी काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, भावोजींच्या सांगण्यावर जाऊ नका.

पायरी ३: तारीख

आयर्लंडमध्ये मे, जून आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो. ग्रुपातल्या सगळ्यांना हे आठवडे आवडतात, आणि उरलेल्या देशालाही. तीन दिवस मिळतात हे खरं, पण घरांचे भाव तसेच चढलेले असतात.

गॉलवेचे स्वतःचे गर्दीचे दिवस वेगळे. जुलैच्या मध्यापासून दोन आठवडे आर्ट्स फेस्टिव्हल असतो. त्याच्या पाठोपाठ जुलैअखेर बॅलीब्रिटच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती सुरू होतात आणि आठवडाभर चालतात. उंच टोप्या घातलेल्या बायका आणि सूट घातलेले पुरुष दुपारपासूनच रस्त्यात झुलत असतात. शर्यती बघायच्या असतील तर जरूर जा. नुसतं गाव बघायचं असेल तर तो आठवडा टाळा, कारण खोली मिळाली तरी परवडायची नाही. सप्टेंबरच्या शेवटी कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, उत्सव असतो, त्या शनिवार-रविवारीही तीच गत.

मला विचाराल तर मेचा मधला किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे शनिवार दीड दिवसाएवढा होतो. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो. ख्रिसमस बाजार छान असतो, पण मोहरचा बेत तेव्हा आखू नका. आणि कॅलेंडरात संकष्टी कधी आहे तेही बघून ठेवा. एका जूनमध्ये आमच्यातल्या दोघींची संकष्टी शनिवारी आली आणि या अक्षांशावर चंद्र उगवला मध्यरात्र उलटल्यावर. बिचाऱ्या बटाट्याच्या चिप्स खात खिडकीत बसून होत्या.

साध्या शनिवार-रविवारसाठी सहा आठवडे आधी हालचाल पुरते. बँक हॉलिडे असेल तर तीन महिने धरा.

पायरी ४: घर, आणि माझी फजिती

पहिल्या सहलीचं घर मी बुक केलं होतं. पाच खोल्या, समोर पाणी, भाव हास्यास्पद कमी, पत्त्यात ठळक अक्षरांत गॉलवे. शुक्रवारी रात्री नऊला गॉलवेत उतरलो, टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला. त्याने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला आणि म्हणाला, हे तर क्लिफ्डन. क्लिफ्डन म्हणजे कॉनेमाराचं दुसरं टोक, गॉलवे शहरापासून ८० किलोमीटर. गॉलवे हे शहराचं नाव आहे आणि काउंटीचंही, ही गोष्ट मला माहीत होती. फक्त बुक करताना आठवली नव्हती.

तेव्हापासून मी एअरकोड बघते. आयर्लंडमध्ये प्रत्येक घराला सात अक्षर-अंकांचा स्वतःचा कोड असतो. गॉलवे शहराचे कोड एच ९१ ने सुरू होतात, क्लिफ्डनचे एच ७१ ने. पण एच ९१ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, शहराबाहेरची बरीच खेडीही त्यातच येतात. बुकिंगच्या आधी पूर्ण कोड मिळत नसेल तर मालकाला सरळ विचारा: आयर स्क्वेअरपर्यंत, म्हणजे शहराच्या मधल्या चौकापर्यंत, पायी किती मिनिटं? पंचवीसच्या आत उत्तर आलं तर पुढे बोला. सॉल्टहिल हा समुद्रकाठचा भाग थोडा लांब असला तरी चालतो, कारण तिथून ४०१ नंबरची बस सतत शहरात जाते.

दुसरा प्रश्न न्हाणीघरांचा. दहा माणसं आणि एक न्हाणीघर असेल तर तुमचा शनिवार अकरा वाजता सुरू होईल. चौघांमागे एक हवंच. तिसरा प्रश्न इमर्शनचा, जो नवख्यांना सुचतच नाही. आयरिश घरांत गरम पाण्याची टाकी कपाटात लपवलेली असते आणि तिच्या बटणावर "सिंक" आणि "बाथ" असं लिहिलेलं असतं. सिंकवर ठेवलंत तर टाकीचा वरचाच भाग तापतो. दोघांची अंघोळ होते, तिसरा ओरडतो. रात्री झोपताना "बाथ" चालू करायचं की पहाटे, हे मालकाला विचारून घ्या. विजेचा शॉवर असेल तर न्हाणीघराबाहेरचं बटण किंवा छतातून लोंबणारी दोरी ओढल्याशिवाय तो गरम पाणी देत नाही. दोरी दिसली नाही म्हणून थंड पाण्याने अंघोळ करून आलेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि ती तक्रारही करत नाहीत, आयर्लंडमध्ये असंच असेल म्हणून.

घर नको असेल तर आयर स्क्वेअरच्या आसपास हॉस्टेलं आहेत, तिथे सहा-आठ बेडची खोली अख्खी घेता येते. फक्त तरुण मंडळी असतील तर हेच बरं. आईवडील, मुलं असतील तर घरच. आणि घर घेतलंत तर रात्री अकरानंतर अंताक्षरी नको. जोडघरांच्या भिंती पातळ असतात. शेजारी दार ठोठावत नाही, तो मालकाला फोन करतो.

पायरी ५: जायचं कसं

डब्लिनहून गॉलवे दोनशे किलोमीटरवर आहे. गाडी, बस, ट्रेन, काहीही घेतलं तरी वेळ साधारण अडीच तास.

ट्रेन ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते आणि आयर स्क्वेअरच्या पाठीमागे नेऊन सोडते. ऑनलाइन आधी काढलेलं तिकीट स्वस्त पडतं आणि आसनावर तुमचं नाव झळकतं. सगळ्यांची तिकिटं एकाच व्यवहारात काढा, नाहीतर तीन डब्यांत विखुरलेले बसाल. शुक्रवारी संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात. सिटीलिंक आणि गोबस यांच्या थेट बस डब्लिन शहरातून आणि विमानतळावरूनही सुटतात, त्यामुळे लंडनहून येणाऱ्या पाहुण्याला शहरात यायची गरज नाही. गॉलवेला प्रवासी विमान उतरत नाही. जवळचा मोठा विमानतळ शॅनन.

गाडी न्यायची तर एम ४ आणि पुढे एम ६, दोन टोलनाके, दोन्हीकडे थांबून पैसे देता येतात. विमानतळाकडून येताना एम ५० वरचा टोल मात्र नाक्याशिवायचा आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत तुम्हाला ऑनलाइन भरावा लागतो. हा विसरला की दंड येतो, आणि भाड्याची गाडी असेल तर कंपनीचा आकार वेगळा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे भारतातून आलेल्यांना त्रास नाही. फिरायला आलेल्यांना भारतीय लायसन्स चालतं. इथे कायम राहणाऱ्यांना मात्र ते बदलून मिळत नाही, परीक्षा देऊन आयरिशच काढावं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगा, कमी असतात आणि महाग असतात.

खरं सांगायचं तर शनिवारी कोचने जाणार असाल तर गाडी नकोच. जुन्या गॉलवेत पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात एक कप चहा आणि स्कोन सहज होतो.

पायरी ६: शनिवारची संध्याकाळ

ही संध्याकाळ मोकळी ठेवा. एकच गोष्ट आधी ठरवा, जेवणाची जागा. दहा जणांचं टेबल गॉलवेत शनिवारी आयत्या वेळी मिळत नाही. दोन आठवडे आधी फोन करा, आणि एक टेबल नसेल तर शेजारची दोन पाच-पाचची मागा, ती पटकन मिळतात. साडेसहाच्या आत बसलात तर बऱ्याच ठिकाणी अर्ली बर्ड म्हणून स्वस्त ठरलेलं ताट असतं. नऊ-साडेनऊला स्वयंपाकघरं बंद होतात. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळी निघालात तर चिप्सवर भागवावं लागेल.

शाकाहाऱ्यांनी सूप विचारून घ्यावं. भाज्यांचं सूप म्हणून जे येतं ते कधी कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. चिप्सही मासे तळलेल्याच तेलात तळतात, काही ठिकाणी तर गाईच्या चरबीत. विचारलं की लोक प्रामाणिकपणे सांगतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: दाट सीफूड चाउडर आणि सोबत काळसर ब्राउन ब्रेड, वर आयरिश लोणी.

मग पब. पबांच्या रस्त्याचं नाव इंग्रजीत "क्वे" असं लिहिलेलं दिसेल, पण उच्चार "की स्ट्रीट". आधी नॉक्टन्स, टिग कोली, किंवा नदीपलीकडे सी रोडवरचं क्रेन बार. पारंपरिक संगीताच्या सेशनसाठी मला क्रेन आवडतं. तिथे स्टेज नसतं. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती पाच-सहा जण फिडल, बासरी, बोधरान (आयरिश डफ) घेऊन बसतात आणि वाजवायला लागतात. त्या टेबलाच्या रिकाम्या खुर्च्या रिकाम्या नसतात, तिथे बसू नका. वादन चालू असताना हळू बोला. एखादी बाई डोळे मिटून, साथीशिवाय आयरिशमध्ये गायला लागली तर अजिबात बोलू नका. अख्खं पब गप्प होतं, ग्लास ठेवल्याचाही आवाज येत नाही. आपल्याकडे भैरवीला होतं तसं.

दहा जणांनी एकत्र पबमध्ये शिरू नये. जागा मिळत नाही, आणि दुसरी अडचण राउंडची. इथे पाळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायची रीत आहे. दहा जणांचा राउंड म्हणजे दहावा येईपर्यंत सगळे आडवे. तीन-चारच्या टोळ्या करा, अर्ध्या तासाने जागा बदला. ऑर्डर देताना गिनीस आधी सांगा, तो पाऊण भरून थांबवतात आणि स्थिरावला की पुन्हा भरतात. न पिणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, बिनदारूची बिअर सगळीकडे मिळते. मुलं बरोबर असतील तर लक्षात ठेवा: अठराखालच्यांना रात्री नऊनंतर, आणि मे ते सप्टेंबर दहानंतर, पबमध्ये थांबता येत नाही. घरी पिण्यासाठी काही घ्यायचं असेल तर दुकानातली विक्री रात्री दहाला बंद होते.

आणि एक जागा आधी ठरवून ठेवा जिथे चुकामूक झालेल्यांनी यायचं. आमची जागा स्पॅनिश आर्च ही जुनी दगडी कमान. नदीकाठची, सगळ्यांना सापडणारी, १५८४ पासून जागची न हललेली.

पायरी ७: पोहे आणि धुराची घंटा

सकाळचा नाश्ता घरी करा, पैसे वाचतात आणि वेळही. पण भाड्याच्या घरात मीठ-मिऱ्यापलीकडे काही नसतं. म्हणून डब्लिनहूनच एक डबा न्या: मोहरी, हळद, हिंग, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, दोन किलो जाड पोहे. चहा पावडरही, कारण तिथल्या टी-बॅगच्या चहाने दहा मराठी माणसं उठत नाहीत.

फोडणी टाकायच्या आधी खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा आणि हूडचा पंखा पूर्ण सोडा. आमच्याकडे एका सकाळी मोहरी तडतडली, मिरची पडली आणि तिसऱ्या सेकंदाला छतातली धुराची घंटा बोंबलायला लागली. एक घंटा वाजली की घरातल्या सगळ्या वाजतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. सकाळी साडेसातला एक जण खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, खाली एक जण पोहे भिजतायत म्हणून ओरडतोय, आणि समोरच्या घरातली आजी खिडकीतून हात हलवतेय. घंटेचं झाकण काढू नका, दंड होऊ शकतो. वारा घाला, थांबते.

पायरी ८: रविवार सकाळ, गाव

शनिवार बाहेर गेल्यामुळे गाव रविवारी, आणि ते अर्ध्या दिवसात नीट होतं. सामान बांधून, स्टेशनजवळ किंवा हॉस्टेलमध्ये ठेवायची सोय करून निघा. आयर स्क्वेअरपासून सुरू करा. जॉन केनेडी जून १९६३ मध्ये इथे बोलले होते, बागेला आता त्यांचं नाव आहे. शॉप स्ट्रीटने खाली यायचं, वाटेत लिंच कुटुंबाचा दगडी वाडा लागतो. गॉलवेवर एके काळी चौदा व्यापारी घराण्यांचं राज्य होतं, लिंच त्यातले बलाढ्य. आज त्या वाड्यात बँक आहे. पुढे १३२० सालचं सेंट निकोलसचं चर्च आणि त्याला लागून शनिवार-रविवारचा बाजार: चीज, गरम डोनट, ब्रेड, हाताने केलेल्या वस्तू. इथे अर्धा तास लागतो असं सगळे म्हणतात, सव्वा तास धरा.

मग स्पॅनिश आर्च, पूल ओलांडून क्लाडा. कोरिब नदी इथे इतक्या जोरात समुद्रात शिरते की पुलावर उभं राहिलं तरी पायाखाली थरथर जाणवल्यासारखं वाटतं. क्लाडा हे जुनं कोळीवाड्याचं गाव. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट अशी जी अंगठी सगळ्या दुकानांत दिसते, ती इथली. या काठावरून पलीकडच्या रंगीत घरांच्या ओळीचा, लाँग वॉकचा, फोटो काढा. ग्रुप फोटो इथेच उरकून टाका, हंसही आयते मिळतात.

तिथून समुद्राकाठाने सॉल्टहिलच्या प्रॉमेनेडवर. प्रॉमच्या शेवटी, ब्लॅकरॉकच्या उड्या मारायच्या मनोऱ्याजवळ एक भिंत आहे. गॉलवेकर चालत येतात, भिंतीला लाथ मारतात आणि मागे फिरतात. कारण कुणी सांगत नाही. तुम्हीही मारा. पाऊस आला तर छत्री उघडू नका, वारा ती उलटी करून समुद्रात नेतो. टोपीचा रेनकोट हवा. पाय दुखले असतील तर ४०१ बस पकडा, बस-ट्रेनचं लीप कार्ड चालतं.

पायरी ९: परतताना हिशोब

खर्च लिहायला एकच माणूस ठेवा आणि त्याने जागच्या जागी फोनवर टिपायचं. न पिणाऱ्यांवर पबचा खर्च घालायचा नाही, मुलांचा घरातला वाटा अर्धा, हे शुक्रवारीच बोलून घ्यावं. घर सोडताना इमर्शन बंद केल्याचा आणि किल्ली खोक्यात परत टाकल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका. आमच्याकडे एका खेपेस किल्ली थेट डब्लिनला आली, कुणाच्या जॅकेटात ते चार दिवस कळलं नाही.

रविवारी चार ते सातच्या गाड्यांना गर्दी फार, तीनच्या आसपासची धरा. ट्रेन सुटली की हिशोब उघडा. अथलोनला शॅनन नदीचा पूल येतो तोवर रकमा ठरलेल्या असाव्यात, कारण पुलानंतर निम्मी मंडळी झोपतात आणि मग त्यांच्याकडून पैसे निघायला पुढची सहल उजाडते.